वॉशिंग्टन कुणाच्या बाजूने असता?

गेल्या रविवारी आई-बाबांना रिचमंड दाखवायला बाहेर काढलं. खरं तर तीन आठवडे झाल्यावर आई-बाबांना दाखवण्यासारखं इथे फार काही उरत नाही. कॉस्टको दोनदा झालं होतं, देऊळ झालं होतं, नदी झाली होती. राहता राहिला कॅपिटॉल स्क्वेअर. आई म्हणाली, मी बाकावर बसते, तुम्ही दोघं बघून या. बाबा मात्र एसटीतून रिटायर झाल्यापासून इतिहासाच्या मागे लागलेत, त्यामुळे त्यांचा उत्साह दांडगा.

तिथे एक भलामोठा घोडा आहे आणि त्यावर जॉर्ज वॉशिंग्टन. खाली जेफरसन, पॅट्रिक हेन्री वगैरे व्हर्जिनियाची मंडळी उभी आहेत. बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून बराच वेळ वर बघत राहिले.

"तू गाडीत म्हणालास ना, की रिचमंड म्हणजे त्या फुटून निघालेल्यांची राजधानी?"

"हो."

"आणि हा म्हणजे ज्याने देश उभा केला तो?"

"हो."

"मग त्यांनी हा पाडला कसा नाही?"

पाडतायत कसले! उलट कॉन्फेडरसीचा एकुलता एक राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस, त्याचा रिचमंडमधला शपथविधी याच पुतळ्यापाशी झाला. २२ फेब्रुवारी १८६२, भर पावसात. तारीखसुद्धा मुद्दाम निवडलेली, वॉशिंग्टनचा वाढदिवस. आणि त्यांच्या राजमुद्रेवरही हाच घोडा, हाच स्वार. हे सगळं मी बाबांना मोठ्या ऐटीत सांगितलं.

बाबा म्हणाले, "त्याला विचारलं होतं का?"

"बाबा, त्याला जाऊन बासष्ट वर्षं झाली होती."

"तेच म्हणतोय मी."

झालं! डोक्यात जुना किडा परत वळवळायला लागला. कारण या प्रश्नावर मी इथल्या ऑफिसात एकदा तोंडावर आपटलोय, आणि ते प्रकरण माझ्या बाजूने अजून मिटलेलं नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी ऑनसाइट आलो ऑक्टोबर २०२१ मध्ये. मॉन्युमेंट अॅव्हेन्यूवरचा जनरल लीचा पुतळा त्याच्या महिनाभर आधी, ८ सप्टेंबरला उतरवला होता. चौथरा तेवढा उरला होता, तोही कुंपणात. ऑफिस अर्धवटच उघडलं होतं, लंचला मोजून तीन-चार टाळकी. त्यात आमचे डेटाबेस काका. (मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणतो, समोर अर्थातच नावाने हाक मारतो, ही अमेरिका आहे.) वय साठीच्या पुढे, अख्खी हयात डेटाबेसमध्ये गेलेली, अतिशय सज्जन माणूस. मला पहिल्या थंडीत स्वतःचं जॅकेट देणारा. त्यांचे खापरपणजोबा लीच्या सैन्यात होते.

पुतळ्याचा विषय निघाला आणि काका म्हणाले, "लोक काहीही म्हणोत, वॉशिंग्टन आणि जेफरसन १८६१ साली जिवंत असते ना, तर ते इथेच असते. आमच्या बाजूने. शेवटी व्हर्जिनियाचेच ते."

मी नवा नवा. विकिपीडिया वाचून आलेला. म्हटलं, आपलंही ज्ञान दाखवावं. "वॉशिंग्टनचं नाही सांगता येणार, पण जेफरसन नक्की तुमचा!" मग आम्ही दोघांनी टीमच पाडल्या. मॅडिसन कुठे, जॅक्सन कुठे, मनरो बारावा खेळाडू वगैरे. आपण ऑल टाइम इलेव्हन काढतो ना, तस्संच. गावसकर आणि सचिन ओपनिंगला, थाटात.

टेबलावर आमच्या टेस्टिंग टीमची लीड पण होती. कृष्णवर्णीय, इथलीच, पिढ्यान् पिढ्या व्हर्जिनियाची. ती काही बोलली नाही. डबा बंद केला आणि उठून गेली. मला वाटलं मीटिंग असेल.

यथावकाश कळलं की मीटिंग नव्हती.

पण आधी प्रश्नच नीट बघू, कारण प्रश्न वाईट नाहीये. ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये निवडून आला, २० डिसेंबरला साउथ कॅरोलिना बाहेर पडलं, बघता बघता दक्षिणेतली अकरा राज्यं फुटली, चार वर्षं युद्ध झालं, सहा लाखांहून जास्त माणसं मेली. आणि घटनेत बाहेर पडण्याबद्दल काय लिहिलंय? काही नाही. नवं राज्य आत कसं घ्यायचं ते आहे, बाहेर कसं पडायचं ते नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर स्पेक गप्प आहे. आणि स्पेक गप्प असलं की आपण काय करतो? ज्याने लिहिलं त्याला शोधतो. तो कंपनी सोडून गेलेला असतो, मग त्याचे जुने मेल उपसतो.

सुदैवाने या लोकांचे 'मेल' उपलब्ध आहेत. फाउंडर्स ऑनलाइन म्हणून इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जची साइट आहे, वॉशिंग्टन, अॅडम्स, जेफरसन, मॅडिसन, हॅमिल्टन, फ्रँकलिन, सगळ्यांची पत्रं तिथे फुकट वाचता येतात. त्या लंचनंतर माझे बरेच वीकेंड तिथे गेले. बायको म्हणायची, ऑफिसच्या मेलला इतक्या मन लावून उत्तरं दे.

वॉशिंग्टनपासून सुरू करू. १७९६ चा त्याचा निरोपाचा जाहीरनामा प्रसिद्ध आहे, त्यात उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम अशा प्रादेशिक गटबाजीविरुद्ध तो कळकळीने बोलतो. पण भाषणात काय, कुणीही बोलतं. माझ्या मते त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची. पेन्सिल्व्हेनियाच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनी दारूवरच्या कराविरुद्ध दंगा केला, तर या गृहस्थाने जवळजवळ १३ हजारांची फौज जमवली आणि राष्ट्राध्यक्ष असताना स्वतः घोड्यावर बसून निम्म्या वाटेपर्यंत गेला. दारूच्या करासाठी! पुढे त्या फौजेचं नेतृत्व ज्याच्याकडे दिलं तो व्हर्जिनियाचा गव्हर्नर हेन्री ली. हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे.

आणखी एक मजेशीर नोंद आहे. जेफरसनच्या टिपणांत लिहिलंय की एडमंड रँडॉल्फने त्याला सांगितलं, की वॉशिंग्टन एकदा बोलता बोलता म्हणाला, उद्या उत्तर आणि दक्षिण वेगळी झालीच तर मी उत्तरेकडे राहायला जायचं ठरवलंय. ऐकीव गोष्ट आहे. रँडॉल्फकडून जेफरसन, जेफरसनकडून कागद. कोर्टात टिकणार नाही. पण वॉशिंग्टनच्या बाकीच्या वागण्याशी जुळते, आणि ती लिहून ठेवणारा माणूस स्वतः दक्षिणेचा अभिमानी, त्याला हे रचून काय मिळणार?

म्हणजे वॉशिंग्टन युनियनवाला, संपलं? थांबा. ज्या १७९६ मध्ये तो निरोपाचा जाहीरनामा छापून आला, त्याच वर्षी मे महिन्यात त्याच्या फिलाडेल्फियाच्या घरातून ओना जज नावाची विशीतली गुलाम मुलगी पळून गेली. मार्थाबाईंची खास दासी. मार्था तिला नातीला लग्नात भेट देणार होत्या. ती न्यू हॅम्पशायरला पोचली, आणि राष्ट्राध्यक्षांनी तिला परत आणायला सरकारी कस्टम्स अधिकाऱ्याला कामाला लावलं. ती म्हणाली, तुमच्या मृत्यूनंतर मला स्वतंत्र करणार असाल तर येते. वॉशिंग्टनला ही अट मान्य नव्हती. ती शेवटपर्यंत गेली नाही, आणि कायद्याने शेवटपर्यंत गुलामच राहिली. तिच्या बाबतीत स्पेक गप्प नव्हतं, घटनेत पळालेल्या गुलामांचं स्पष्ट कलम होतं.

जॉन अॅडम्सवर वेळ घालवत नाही, मॅसॅच्युसेट्सचा माणूस, गुलाम कधी ठेवले नाहीत. मनरोने १७८८ मध्ये घटनेविरुद्ध मत दिलं होतं, पण नंतर त्याच घटनेखाली आठ वर्षं सुखाने राष्ट्राध्यक्ष राहिला. बारावा खेळाडू म्हटलं ते फारसं चूक नव्हतं.

खरी मजा जेफरसन.

काकांचा आणि माझा दोघांचा हुकमी एक्का. १७९८ मध्ये अॅडम्सच्या सरकारने सरकारवर टीका करणाऱ्याला तुरुंगात टाकायचा कायदा केला. जेफरसन तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष, म्हणजे त्याच सरकारात. त्याने गुपचूप केंटकीच्या विधिमंडळासाठी एक ठराव लिहून दिला. सार असं, की संघराज्य म्हणजे राज्यांमधला करार आहे, आणि केंद्राने हद्द ओलांडली तर राज्याला तो कायदा रद्दबातल ठरवता येतो. केंटकीवाल्यांनाच ते इतकं जहाल वाटलं की त्यांनी मसुदा सौम्य करून पास केला. १८१६ च्या एका पत्रात तर तो साफ म्हणतो, की एखाद्या राज्याला वेगळंच व्हायचं असेल तर होऊ दे. झालं की मग! जेफरसन काकांचा!

पण त्याचा पुढचा लॉग बघा. १८०१ मध्ये हाच माणूस राष्ट्राध्यक्ष झाला. १८०३ मध्ये घटनेत कुठे लिहिलेलं नसताना लुइझियाना विकत घेतलं, देश दुप्पट केला. अॅरन बर पश्चिमेत वेगळं राज्य काढतोय असा संशय आल्यावर त्याला पकडून राजद्रोहाचा खटला भरला. तो खटला १८०७ मध्ये रिचमंडलाच चालला, आम्ही रविवारी जिच्यासमोर उभे होतो त्याच कॅपिटॉलच्या इमारतीत. (इमारतीचं डिझाइन कुणाचं? जेफरसनचंच. बर सुटला, तो भाग वेगळा.) त्याच वर्षी परदेशी व्यापारावर बंदी घातली, आणि कॅनडाच्या सीमेवरच्या लोकांनी ती मोडली तेव्हा चॅम्प्लेन तलावाच्या परिसरात बंड झाल्याचं जाहीर करून बळ वापरलं.

आणि तेव्हा वेगळं व्हायची भाषा कोण करत होतं? न्यू इंग्लंड! म्हणजे उत्तर! १८०४ मध्ये तिथल्या काही पुढाऱ्यांच्या डोक्यात वेगळं व्हायचं खूळ होतं, आणि १८१४ च्या डिसेंबरात हार्टफर्डला अधिवेशन भरलं तेव्हा बाहेर पडायची कुजबुज इतकी होती की मॅडिसनच्या सरकारला घाम फुटला होता. हे वाचल्यावर मला जाम हसू आलं. सत्तेबाहेर असलं की राज्यांचे हक्क, सत्तेत आलं की अखंड संघराज्य. हा पॅटर्न उत्तर-दक्षिण असा नव्हताच, आत-बाहेर असा होता. आपल्याकडेही आर्किटेक्चर टीममध्ये गेलेला माणूस महिन्याभरात 'स्टँडर्ड्स पाळा' म्हणायला लागतोच की :-)

म्हातारपणी, १८२० मध्ये मिसुरीचा वाद झाला तेव्हा जेफरसनने लिहिलेलं पत्र मात्र हसण्यासारखं नाही. गुलामगिरीच्या रेषेवर देश फाटणार हे त्याला दिसत होतं, १७७६ च्या पिढीने केलेलं सगळं पोरं वाया घालवणार या विचाराने तो हादरला होता. फुटून निघणं म्हणजे जगाच्या आशेशी केलेला द्रोह, असं म्हणतो. पण सोडवायचं कसं? त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. शेकडो माणसं त्याच्या मालकीची होती आणि मेला तेव्हा बहुतेक सगळी कर्जापायी लिलावात गेली. त्याचा एक नातू, माँटिचेलोच्याच घरात जन्मलेला जॉर्ज वाइथ रँडॉल्फ, १८६२ मध्ये कॉन्फेडरसीचा युद्धमंत्री होता.

तर जेफरसनचं काय करायचं? मी त्याला त्या दिवशी 'नक्की' म्हटलं होतं. तो शब्द मी मागे घेतो.

मॅडिसनच्या बाबतीत मात्र शंकेला जागा नाही, आणि वजन त्याच्याच शब्दाला जास्त, कारण स्पेक त्याने लिहिलं. शिवाय हा गडी जगला पुष्कळ, १८३६ पर्यंत. म्हणजे प्रश्न त्याच्या हयातीतच, थेट त्याला विचारला गेला. एकदा नव्हे, दोनदा!

पहिल्यांदा १७८८ मध्ये. न्यूयॉर्कवाले म्हणाले, आम्ही घटना मान्य करतो, पण ठरावीक काळात दुरुस्त्या झाल्या नाहीत तर बाहेर पडायचा हक्क राखून ठेवतो. ट्रायल व्हर्जन हवं होतं त्यांना. हॅमिल्टनने मॅडिसनला पत्र टाकून विचारलं, चालेल का? मॅडिसनचं उत्तर: नाही. घ्यायची तर पूर्ण घ्या, आणि कायमची घ्या. इतकं स्वच्छ उत्तर मला तरी कुठल्या आर्किटेक्टकडून मिळालेलं नाही.

दुसऱ्यांदा १८३० च्या सुमाराला. साउथ कॅरोलिनाने आयात करावरून आकांडतांडव सुरू केलं आणि १७९८ चे जुने ठराव बाहेर काढले. म्हणाले, हे बघा, जेफरसन आणि मॅडिसन आमच्या बाजूने आहेत. (म्हणजे आमचा लंचचा वाद तेव्हाच जुना होता.) फरक एवढाच की मॅडिसन जिवंत होता. ऐंशीच्या घरातला म्हातारा, संधिवाताने बोटं वाकडी झालेली, पत्रांवर पत्रं लिहीत बसला: मी असं म्हटलं नव्हतं, त्याचा अर्थ असा होत नाही. जेफरसनने तो शब्दच वापरला नव्हता असंही सांगून बसला, आणि मग जेफरसनच्या हस्ताक्षरातला मसुदा निघाला, त्यात तो शब्द होता! बिचारा. आपला जुना कोड कुणीतरी भलत्याच कामाला वापरला की काय होतं हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

१८३३ मध्ये डॅनियल वेबस्टरला लिहिलेल्या पत्रात मॅडिसनने जो फरक केलाय, तो मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटतो. तो म्हणतो, असह्य जुलूम झाला तर उठाव करायचा हक्क माणसाला आहे, त्यावर वादच नाही, पण त्याला क्रांती म्हणतात. मनाला येईल तेव्हा, कारण न देता, करारातून अंग काढून घेणं ही वेगळी गोष्ट. लोक दोन्हीची मुद्दाम गल्लत करतात.

काकांचा एक आवडता युक्तिवाद होता: "१७७६ मध्ये हे सगळे स्वतःच फुटून निघाले होते की!" बरोबर आहे. पण त्यांनी आधी वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या केल्या, मग तक्रारींची भलीमोठी यादी जगासमोर मांडली, आणि हरलो तर फासावर जाणार हे धरून चालले. १८६१ च्या ४ मार्चला लिंकनने शपथ घेतली. तोपर्यंत सात राज्यं बाहेर पडून स्वतःचं सरकार काढून बसली होती. ज्या माणसाने अजून खुर्चीत बूडही टेकलेलं नाही, त्याचा असह्य जुलूम कुठला?

काकांचा दुसरा युक्तिवाद जास्त भारी होता, तो मला वाचून शोधावा लागला. व्हर्जिनियाने १७८८ मध्ये घटना स्वीकारली तेव्हा ठरावातच लिहिलं, की हे अधिकार जनतेचे आहेत आणि त्यांचा वापर जनतेवर अन्याय करायला झाला तर जनता ते परत घेऊ शकते. काका हे तोंडपाठ म्हणतात. फक्त मूळ वाक्यात जनता म्हणजे संयुक्त संस्थानांची जनता असं आहे. व्हर्जिनियाची नाही. एका शब्दाचा फरक, पण आपण तर एका स्वल्पविरामासाठी बिल्ड मोडलेलं पाहिलंय.

राहिला जॅक्सन. टेनेसीचा, शंभराहून जास्त गुलामांचा मालक, दक्षिणेचा लाडका. साउथ कॅरोलिनाने कायदा रद्दबातल केल्यावर १० डिसेंबर १८३२ ला त्याने जाहीरनामा काढला, की बळाच्या जोरावर फुटणं म्हणजे राजद्रोह. वर पुढच्या वर्षी एका पत्रात लिहून ठेवलं, की कर हे निमित्त होतं, पुढचं निमित्त गुलामगिरी असेल. लिंकनने आपलं पहिलं भाषण लिहिताना जॅक्सनचा तो जाहीरनामा समोर ठेवला होता.

(एक राष्ट्राध्यक्ष खरोखरच कॉन्फेडरसीकडे गेला, तो दहावा, जॉन टायलर. त्यांच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आला, पण बसण्याआधीच जानेवारी १८६२ मध्ये रिचमंडला वारला. १७९० मध्ये जन्मलेल्या या माणसाचा सख्खा नातू मे २०२५ पर्यंत व्हर्जिनियात जिवंत होता. नातू! पणतू-खापरपणतू नव्हे. बाबांनी हे तीनदा परत सांगायला लावलं.)

आता कॉन्फेडरसीवाल्यांना स्वतःला काय वाटत होतं? त्यांचा उपराष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ ला सव्हानामध्ये बोलला, ते भाषण वाचा. तो म्हणतो, जेफरसन आणि त्या काळच्या बहुतेक पुढाऱ्यांना गुलामगिरी तत्त्वतः चूक वाटत होती, ते चुकले. आमचं सरकार नेमक्या उलट विचारावर उभं आहे, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हाच आमचा कोनशिलेचा दगड. म्हणजे भाषणात 'ते चुकले' आणि राजमुद्रेवर त्यांचाच घोडा. बाबांचा प्रश्न अगदी रास्त होता. विचारलं नव्हतंच. विचारायची गरजही वाटली नव्हती.

इथपर्यंत येऊन मला वाटलं, जिंकलो. वॉशिंग्टन, मॅडिसन, जॅक्सन युनियनकडे, जेफरसन डळमळीत. काकांना मेल करणार तेवढ्यात एक पत्र समोर आलं आणि पाठवायचं राहिलं.

पत्र रॉबर्ट ई. लीचं. २३ जानेवारी १८६१, टेक्सासमधून मुलाला लिहिलेलं. त्यात तो म्हणतो, की फुटून निघणं म्हणजे दुसरं-तिसरं काही नसून क्रांती आहे. वाटेल तेव्हा मोडायचं असतं तर घटना बनवणाऱ्यांनी एवढे कष्ट कशाला घेतले असते? थेट मॅडिसनचं मत. आता हा कोण? वॉशिंग्टनने ज्याला दारूवाल्या बंडखोरांवर पाठवलं होतं, त्या हेन्री लीचा मुलगा. बायको मार्था वॉशिंग्टनची पणती. वॉशिंग्टनच्या मनात काय होतं हे ज्याला आतून माहीत असायला हवं असा याच्याइतका माणूस सापडणार नाही. १७ एप्रिलला व्हर्जिनियाच्या अधिवेशनाने ८८ विरुद्ध ५५ मतांनी बाहेर पडायचं ठरवलं. २० तारखेला लीने अमेरिकी सैन्याचा राजीनामा दिला, २३ ला याच कॅपिटॉलमध्ये व्हर्जिनियाच्या फौजेची सूत्रं घेतली.

जानेवारी ते एप्रिल. तीन महिने! माणूस तोच, मत लेखी, तारीख घातलेली, आणि तरी पुढचं वागणं उलटं. मग साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या पत्रांवरून मी जेफरसन १८६१ मध्ये काय करता ते सांगणार? शेजारीपाजारी, नातू, जावई सगळे एका बाजूला, आणि मालमत्तेच्या यादीत शेकडो माणसं. मॅडिसनबद्दलही मी पैज लावीन, पण घर लावणार नाही.

टेस्टिंगच्या लीडशी बोलणं झालं ते बऱ्याच महिन्यांनी, एका रिलीजच्या रात्री. डिप्लॉयमेंट अडकलेलं, पिझ्झा गार झालेला. मीच विषय काढला, म्हटलं, त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो. ती म्हणाली, बोललास त्याचं काही नाही, इथे वाढलेय, सवय आहे. मग तिने सांगितलं की ती तिच्या घराण्याचा माग काढतेय. १८७० च्या जनगणनेपर्यंत नावं मिळतात. त्याआधी १८६० ची गुलामांची यादी आहे, पण तीत नाव मालकाचं. खाली फक्त वय, लिंग, रंग. 'बाई, ३४.' 'मुलगा, ९.' व्हर्जिनियात तेव्हा असे सुमारे ४ लाख ९० हजार होते. "त्या नऊ वर्षांच्या मुलावर माझा संशय आहे," ती म्हणाली, "पण सिद्ध करता येत नाही. आणि तुम्ही दोघं त्या दिवशी मालकांच्या टीम पाडत होतात."

मी काही बोललो नाही. काय बोलणार? थोड्या वेळाने डिप्लॉयमेंट पुढे सरकलं आणि ती टेस्ट केसेस चालवायला लागली.

काकांना तो मेल मी शेवटी पाठवलाच नाही. पण परवा सोमवारी लंचला त्यांना वॉशिंग्टनची उत्तरेकडे राहायला जायची गोष्ट सांगितली. लीचं पत्रही सांगितलं. लीच्या पत्रावर त्यांनी मान डोलावली, ते त्यांना ठाऊक होतं. "म्हणूनच तो मोठा," म्हणाले. मी म्हटलं, मला तेच तर कळत नाही. ते म्हणाले, तू व्हर्जिनियाचा नाहीस. मी म्हटलं, आपली लीड आहे की व्हर्जिनियाची. काका काटा खाली ठेवून बराच वेळ गप्प बसले.

मग म्हणाले, "आणि ती वॉशिंग्टनची गोष्ट, ती कुणी लिहिली म्हणालास?"

"जेफरसनने."

"हां, मग सोड. तो काय, काहीही लिहायचा."